ट्यूबलाइट उतरवा, पण पट्टीसकट

आमच्या स्वयंपाकघराच्या छतावरची ट्यूब गेल्या पावसाळ्यात लुकलुकायला लागली. बटण दाबलं की दोन्ही टोकांना लालसर उजेड यायचा, मग चार-पाचदा फडफडायची, मग अंधार, आणि पुन्हा पहिल्यापासून. ती एकदाची लागेपर्यंत माझी फोडणी करपलेली असायची. इलेक्ट्रिशियनला तीनदा फोन झाले. ‘‘येतो ताई, उद्या नक्की.’’ एका ट्यूबसाठी गाडीला किक मारून यायला कुणालाच परवडत नाही, त्यात त्याचीही काही चूक नाही. शेवटी एका रविवारी सकाळी घोडा काढला आणि मीच चढले, ट्यूब पट्टीसकट उतरवली आणि तिथे एलईडीची पट्टी लावली. सगळं मिळून पाऊण तास लागला, आणि त्यातली वीस मिनिटं गंजलेल्या दोन स्क्रूंनी खाल्ली.

विजेशी ज्यांची ओळख बल्ब बदलण्यापुरतीच आहे, त्यांना हे काम जमतं. विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे, पण घरातले दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि फिटिंग बदलण्याला त्यातून सूट आहे. अट एवढीच की वायरिंगची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. म्हणजे जुनी पट्टी काढून त्याच जागी नवी लावता येते. नवा पॉइंट काढायचा असेल, भिंतीतून वायर ओढायची असेल किंवा बोर्डातल्या जोडण्या बदलायच्या असतील तर त्या इलेक्ट्रिशियनचीच वाट बघायची.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

ट्यूब लुकलुकते याचा अर्थ ती गेली असाच नसतो. पट्टीवर बाजूला पांढरी किंवा राखाडी डबी असते, तो स्टार्टर. त्याचं काम फक्त ट्यूब पेटवून देण्याचं. एकदा ट्यूब लागली की स्टार्टर फिरवून काढून घेतला तरी ती चालू राहते. लहानपणी आम्ही हा प्रयोग पाहुण्यांना दाखवायचो. त्यामुळे ट्यूब नुसतीच फडफडत असेल तर आधी दहा-वीस रुपयांचा नवा स्टार्टर लावून बघा. टोकं काजळी धरल्यासारखी काळी झाली असतील तर ट्यूबच संपत आलीय. पट्टीतून भुंगा अडकल्यासारखा आवाज येत असेल, जळका वास येत असेल किंवा डांबरासारखा काळा चिकट पदार्थ ओघळला असेल तर चोक, म्हणजे ट्यूबचा करंट आवरणारा पट्टीतला जड ठोकळा, गेला म्हणून समजा, आणि मग ती पट्टी वापरणं त्याच क्षणी बंद करा.

एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. ट्यूबबरोबर त्याच खोलीतला दुसरा दिवाही मिणमिणतो का? पंख्याचा वेग मध्येच पडतो का? तसं असेल तर दोष दिव्यात नाही, कुठेतरी वायरचा जॉइंट सैल झालाय. तिथे एलईडी लावून उपयोग नाही. सैल जॉइंट तापतो, आणि तो शोधणं नवख्याचं काम नाही.

आमची टोकं काळी होती आणि चोकही गुणगुणत होता. नवी ट्यूब आणून आणखी दोन वर्षं ढकलता आली असती, पण मी हिशेब मांडला. चार फुटी जाड ट्यूब ४० वॉटची, तिच्या नंतर आलेली थोडी बारीक ३६ वॉटची. शिवाय तांब्याचा चोक स्वतः दहा-बारा वॉट खातो, ते ट्यूबवर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणजे मीटर धावतो तो पन्नासेक वॉटच्या हिशेबानं. तेवढाच उजेड २० वॉटची एलईडी पट्टी देते. रोज सहा तास धरले तर वर्षाला साधारण ६५ युनिट वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तरी पाचशेच्या वर. शिवाय ट्यूबसारखे पाऱ्याचे दिवे आता फार दिवस मिळणार नाहीत. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२३ साली ठरवलंय की अशा सरळ ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायची, आणि त्या करारात भारतही आहे.

एलईडी ट्यूब की एलईडी पट्टी?

२०१५ मध्ये सरकारची स्वस्त एलईडी बल्बची उजाला योजना आली तेव्हा लोकांनी पिवळे बल्ब काढले, त्याच होल्डरात एलईडी बल्ब बसवले आणि विषय संपला. ट्यूबचं तसं नाही, कारण मध्ये चोक बसलेला असतो.

दुकानात गेलात की दोन वस्तू पुढ्यात येतील. एक, जुन्या ट्यूबसारखीच दिसणारी, टोकांना दोन-दोन पिना असलेली एलईडी ट्यूब. दुसरी, होल्डर-बिल्डर काही नसलेली सबंध पट्टी, तिला दुकानदार बॅटन म्हणतात. पहिली स्वस्त वाटते, जुन्या पट्टीत बसते, म्हणून मोह होतो. पण त्यातही जाती आहेत. काहींना जुना चोक चालतो आणि फक्त स्टार्टरच्या जागी त्यांच्यासोबत आलेली वेगळी डबी लावायची असते. काहींना चोक काढून वायर थेट द्यावी लागते, आणि त्यातही कुणाला एकाच टोकाला फेज (करंट घेऊन येणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) दोन्ही लागतात तर कुणाला एका टोकाला फेज आणि दुसऱ्याला न्यूट्रल. ही अदलाबदल झाली तर ट्यूब जळते किंवा शॉर्ट होतं. दोन टोकांना वीज घेणाऱ्या काही ट्यूबमध्ये एक टोक होल्डरात बसलेलं असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर करंट येऊ शकतो, आणि नेमकं तेच टोक त्या वेळी तुमच्या हातात असतं. वर उद्या घरातल्या कुणी सवयीनं त्या पट्टीत साधी ट्यूब आणून लावली तर तिला मिळणार थेट २३० व्होल्ट, अडवायला चोक नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नवख्यानं पट्टीसकट उतरवावं आणि सबंध एलईडी पट्टी लावावी. चोक, स्टार्टर, होल्डर, सगळी भानगड एकदम जाते. उरतात दोन वायर, फार तर तीन.

घेताना लांबी जुन्याइतकीच, चार फूट, घ्या, म्हणजे छतावरचा जुना डाग झाकला जातो. १०० ते १५० चौरस फुटांच्या खोलीला १८ ते २२ वॉट पुरतात. वॉटपेक्षा खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे उजेडाचा, आकडा बघा. दोन हजारांच्या आसपास असला की जुन्या ट्यूबची आठवण येत नाही. रंगाचं आपल्याकडे कुणी विचारतच नाही, दुकानदार मुकाट्यानं ६५०० केल्विनची निळसर पांढरी काढून देतो. अभ्यासाच्या टेबलावर ती चालते. स्वयंपाकघरात मात्र मी मुद्दाम ४००० ची मागून घेतली. निळसर उजेडात पोळी भाजली गेलीय की कच्चीच आहे ते मला कळत नाही, आणि टोमॅटो सगळे सारखेच दिसतात. रंग किती खरे दिसतात त्याचाही आकडा खोक्यावर असतो, सीआरआय नावाचा. तो ८० च्या खाली नको. बैठकीच्या खोलीत पिवळसर हवा असेल तर ३०००.

खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवाच. गावाकडे लावायची असेल तर ती किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालते ते वाचून घ्या. संध्याकाळी शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज कुठल्या कुठे जातं. आणि दुकानातच लावून बघा. प्रत्येक दुकानदाराकडे त्यासाठी दोन वायरी लोंबणारा बोर्ड असतो, मागितलं की लावून दाखवतात. पेटलेली असताना मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसऱ्या कंपनीची मागा. घेताना पट्टीच्या पाठीवर मार्करनं तारीख घालून घ्यायची आणि बिल जपायचं. वॉरंटी त्यावरच मिळते.

बाकी सामान: टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, वायर सोलायचं कटर, दोन-तीन घरांची कनेक्टर पट्टी, इन्सुलेशन टेप आणि एक लहान पीव्हीसी जंक्शन डबी. डबी कशाला, ते पुढे येतंच.

करंट खरंच बंद आहे का

या सगळ्यात जीव जाण्यासारखी जागा एकच आहे, आणि ती इथे आहे. म्हणून जरा रेंगाळते.

दिव्याचं बटण बंद केलं म्हणजे वायर मेली असं समजू नका. नियमानुसार बटण फेजवर हवं, पण जुन्या घरांत ते कित्येकदा न्यूट्रलवर सापडतं. तेव्हा बटण बंद असतं, दिवाही बंद असतो, आणि छताशी येणारी फेजची वायर मात्र २३० व्होल्ट घेऊन तशीच उभी असते. म्हणून बटण बंद करून वर डीबीतला, म्हणजे घराच्या मुख्य विजेच्या पेटीतला, त्या खोलीचा एमसीबी (करंट तोडणारा खटका) पाडायचा. कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा हे कळत नसेल तर दिवा लावून ठेवा आणि एकेक पाडत जा. आमचा दिवा लागेचना, म्हणून मी स्वयंपाकघरातल्या नाइट लॅम्पवर हा शोध लावला आणि त्या एमसीबीवर चिकटपट्टी लावून नाव लिहून टाकलं. पण एकाच खोलीतले दोन पॉइंट दोन वेगळ्या लाइनवर असू शकतात, त्यामुळे शेवटचा शब्द टेस्टरचाच. जुन्या घरात एमसीबी नसतील तर चिनी मातीच्या फ्यूजच्या किटकॅट असतात. मेन स्विच पाडून ती किटकॅट उपसून काढायची आणि स्वतःच्या खिशात ठेवायची. खिशात असली की खालून कुणी उत्साहानं परत बसवत नाही.

इन्व्हर्टर असेल तर लक्ष द्या. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो बिचारा इमानदारीनं बॅटरीवरून तीच लाइन चालू करतो. बहुतेक घरांत इन्व्हर्टरवर टाकलेले दिवे म्हणजे नेमके हॉल आणि स्वयंपाकघराचे. तेव्हा मेन पाडण्याआधी इन्व्हर्टर त्याच्या बटणानं बंद करा आणि त्याच्याकडून घरात जाणारी लाइनही तोडा. त्याची लाइन कशी फिरवलीय ते उमगत नसेल तर काम तिथेच थांबवा.

‘‘लाइट गेलीच आहे तर तेवढ्यात करून घेऊ’’ हेही नको. लाइट परत येताना विचारून येत नाही.

आता टेस्टर. तो आधी चालू सॉकेटमध्ये घालून, मागच्या टोकाला बोट लावून, आतला दिवा लागतो ना ते बघा. मग एमसीबी पाडा, घोड्यावर चढा, पट्टीतल्या दोन्ही वायरना लावा. मग खाली येऊन पुन्हा चालू सॉकेटला लावा. हा तिसरा टप्पा लोक गाळतात. टेस्टर मध्येच पडून बिघडला असेल तर तो सगळीकडेच ‘करंट नाही’ म्हणून सांगेल. आणखी एक खोड: कोरड्या लाकडी घोड्यावर रबरी चपला घालून उभं राहिलं की टेस्टर मिणमिणता लागतो, दिवसाच्या उजेडात दिसतही नाही. म्हणून तळव्याची ओंजळ करून सावली धरायची. अगदी पुसट लाल ठिणगी दिसली तरी वायर जिवंत समजून खाली उतरायचं. दोन्ही वायरवर टेस्टर लागत असेल तर न्यूट्रल कुठेतरी तुटलीय, आणि ते काम तुमचं-माझं नाही.

घरात करंट गळाला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर उत्तमच, पण एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली तर तोही वाचवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी तुम्ही एक साधा बल्बच असता.

आणि पंखा. दिवा छतावर असेल तर पंख्याची पाती तुमच्या कानाशी येतात. पंखा त्याच एमसीबीवर नसेल तर त्याचाही एमसीबी पाडा. उकडतंय म्हणून घरातलं कुणीतरी बटण दाबणारच.

उतरवताना

खुर्चीवर स्टूल, त्यावर पाट, असले मनोरे रचू नका. घोडा शेजाऱ्याकडून आणा, लाकडी असला तर बरा. खाली एक माणूस घोडा धरायला आणि हातात वस्तू द्यायला हवंच. आमच्याकडे ते काम सासूबाईंनी केलं, आणि दर दोन मिनिटांनी ‘‘अगं, लाइट नक्की बंद आहे ना?’’ विचारलं. असा माणूस असावा.

आधी ट्यूब काढायची. फिरकीचे होल्डर असतील तर ट्यूब दोन्ही हातांनी धरून पाव फेरा फिरवली की पिना खाचेतून खाली येतात. जुने स्प्रिंगचे होल्डर असतील तर एका बाजूला दाबून दुसरं टोक मोकळं करायचं. घाई नको, काच पातळ असते आणि आत थोडा पारा असतो. ट्यूब आडवी नेऊन सरळ पलंगावर ठेवा, भिंतीला टेकवून ठेवली की हमखास घरंगळते.

फुटलीच तर पंखा बंद ठेवून खिडक्या उघडा, मुलांना आणि मांजराला बाहेर काढा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. झाडू मारायचा नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नाही, त्यानं पारा हवेत पसरतो. जाड पुठ्ठ्यानं तुकडे गोळा करायचे, बारीक कण चिकटपट्टीनं टिपायचे, सगळं झाकणाच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावायचं.

ट्यूब निघाली की पट्टीचं पत्र्याचं झाकण काढा. आत चोक, स्टार्टरच्या वायरी आणि एका कोपऱ्यात घरातून आलेल्या दोन वायर दिसतील. कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मग त्या दोन वायरवर टेस्टर, आणि मगच त्या सोडवायच्या. सोडवल्या की दोन्ही टोकांना वेगवेगळा टेप. आता खालच्या माणसाला पट्टीचं एक टोक धरायला सांगून स्क्रू काढा. चोकमुळे जुनी पट्टी चांगलीच जड असते आणि शेवटचा स्क्रू सुटला की सगळा भार एकदम हातावर येतो. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडून चहा घेऊन या. मी चहा न घेता झटत बसले आणि त्याची खाच झिजवून टाकली. शेवटी पकडीनं डोकं धरून पिळला.

पट्टी निघाली तेव्हा मागे छतावर चार फूट लांबीचा पोपटी आयत उमटला होता. आम्ही राहायला यायच्या आधीच्या मालकांचा रंग. त्याच्या एका टोकाला पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं, चिंचोक्याएवढी, छताला चिकटलेली. चोकच्या उबेला तिनं कधीतरी संसार थाटला असणार. जुन्या पट्टीमागे बोटं घालताना म्हणूनच आधी टिचकी मारायची.

वायर बघा, मग जोडा

जुन्या रंगपद्धतीत लाल, पिवळी किंवा निळी वायर फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. पण रंगावर विश्वास ठेवू नका, वायरमनच्या हातात त्या दिवशी जी गुंडाळी होती ती त्यानं वापरलेली असते. आमच्याकडे दोन्ही वायर काळ्या निघाल्या. मग दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब, कशालाही टेकणार नाहीत अशी वळवून ठेवली, सगळ्यांना खाली थांबवलं, एमसीबी आणि बटण चालू केलं, टेस्टरनं फेज कुठली ते बघितलं. तेव्हाच बटण बंद करूनही टेस्टर लावून पाहिला, म्हणजे बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर तेही कळलं. मग एमसीबी पाडून पुन्हा तपासणी, आणि फेजच्या टोकाला लाल टेपची एक पट्टी. हे धाडस वाटत असेल तर सोडून द्या. घरची वीज उलटसुलट वाहणारी (एसी) असल्यानं फेज-न्यूट्रल आलटलं तरी पट्टी पेटतेच. नीट लावलेलं बरं, एवढंच.

वायरचं आवरण हातात भुगा होत असेल तर थांबा. तांब्याच्या वायरऐवजी राखाडी चमकणारी अॅल्युमिनियमची वायर निघाली तरी जपून. बऱ्याच जुन्या इमारतींत ती आहे. ती दोन-चारदा वाकवली की मोडते, आणि तांब्याशी नुसता पीळ देऊन जोडली की जॉइंट हळूहळू खराब होऊन तापतो. मध्ये कनेक्टर हवाच.

आता ती डबी. जुनी पट्टी पोकळ असायची, सगळे जॉइंट तिच्या पोटात लपायचे. एलईडी पट्टी सडपातळ. तिच्या टोकातून वीतभर वायर बाहेर येते, आणि जॉइंट करायला जागाच नाही. लोक मग तो जॉइंट टेप गुंडाळून छताला लोंबता ठेवतात. वर्षभरात स्वयंपाकघराच्या तेलकट वाफेनं टेपचा डिंक सुटतो. म्हणून छतातून वायर जिथे बाहेर येते तिथे जंक्शन डबी बसवा आणि कनेक्टर तिच्यात ठेवा.

वायर सेंटिमीटरभर सोला, त्याहून जास्त नको. तारा पिळून एक करा, कनेक्टरच्या घरात घाला, स्क्रू आवळा आणि मग प्रत्येक वायर ओढून बघा. ओढल्यावर निघाली तर बरंच झालं, आत्ताच कळलं. बाहेर तांबं दिसत असेल तर पुन्हा करा. पट्टीचं अंग धातूचं असेल आणि हिरवी वायर दिली असेल तर ती अर्थिंगला जोडायलाच हवी. प्लास्टिकच्या अंगाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, तिला अर्थिंग लागत नाही.

छताला बसवताना

एलईडी पट्टीबरोबर दोन क्लिपा येतात. त्या छताला स्क्रूनं बसवायच्या आणि पट्टी खालून दाबली की खटकन बसते. जुनी भोकं क्वचितच जुळतात. दोन्ही टोकांपासून सुमारे फूटभर आत एकेक क्लिप येईल असं मोजा, भिंतीपासूनचं अंतर दोन्हीकडे मोजायच्या टेपनं सारखं घ्या, पेन्सिलनं खूण करा. नजरेवर विसंबू नका. घोड्यावरून सरळ दिसलेली रेघ जेवायला बसल्यावर तिरकी निघते.

स्लॅबमध्ये भोक पाडायला हॅमर ड्रिल आणि सहा मिलिमीटरचं बिट लागतं, त्यात त्याच मापाची प्लास्टिकची गुट्टी. डोळ्यांना चष्मा लावा, सिमेंट थेट डोळ्यातच येतं. पॉइंटपासून बोर्डाच्या भिंतीकडे जाणाऱ्या सरळ रेषेत ड्रिल घालू नका, पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. ड्रिलला वीज लागते हे आम्हाला ऐन वेळी आठवलं. सॉकेटचा एमसीबी वेगळा असेल तर प्रश्न नाही. मेन पाडला असेल तर वायरची टोकं कनेक्टरमध्ये घालून डबी बंद करा, मगच ड्रिलपुरता मेन चालू करा आणि नंतर पुन्हा पाडून पुन्हा टेस्टर लावा. छताचे पोपडे निघत असतील किंवा भोकातून गंजाची लाल पूड आली तर जागा बदला.

क्लिपा बसल्या की पट्टी दाबून बसवा, तिची वायर डबीत नेऊन कनेक्टरच्या दुसऱ्या बाजूला जोडा, झाकण लावा. या क्रमानं केलं की एका हातात पट्टी आणि दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर अशी सर्कस होत नाही. गॅसच्या थेट डोक्यावर मात्र बसवू नका. उष्णता आणि तेल दोन्ही आतल्या ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) मुळावर येतात. माझा पॉइंट नेमका शेगडीच्या वर होता, म्हणून पट्टी अडीच फूट सिंककडे सरकवली आणि तेवढी वायर छोट्या केसिंग पट्टीतून नेली.

खाली या. घोडा बाजूला करा. मग एमसीबी, मग बटण.

बटण बंद, तरी मिणमिणतंय

असं झालं तर घाबरू नका, एलईडीला पेटायला अगदी थोडी वीज पुरते. बटणाला अंधारात दिसणारा लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून झिरपणाऱ्या करंटवर ती पुसट उजळते. साधं बटण लावलं की थांबतं. इंडिकेटर नसेल तर बटण न्यूट्रलवर असण्याची शक्यता जास्त, आणि ते इलेक्ट्रिशियनकडून फेजवर करून घ्यावं. चालू केल्यावर अजिबातच लागत नसेल तर दहापैकी नऊदा कनेक्टरमध्ये वायरऐवजी तिच्या आवरणावरच स्क्रू आवळलेला असतो. एमसीबी लगेच पडला तर पुन्हा चढवत बसू नका, डबी उघडून तारेचा एखादा सुटा केस कनेक्टरच्या शेजारच्या घरात गेलाय का बघा.

उतरवलेल्याचं काय

पट्टीचा पत्रा आणि चोक भंगारवाला आनंदानं नेतो. आमच्याकडच्यानं चोक हातात तोलला, आत तांबं आहे की अॅल्युमिनियम ते नखानं खरवडून बघितलं आणि मगच भाव केला. ट्यूबला मात्र त्यानं हात लावला नाही. तिच्यात पारा असतो, आणि असे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, त्यामुळे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायची नाही, घंटागाडीत तर नाहीच. पालिकेचं ई-कचरा केंद्र किंवा सोसायटीत अधूनमधून होणारं संकलन, दोन्हीपैकी जे आधी सापडेल तिथे द्यायची. तोवर ठेवायला नव्या पट्टीचं लांबडं खोकंच कामाला येतं. दोन टोकांना वर्तमानपत्राचे बोळे कोंबले की ट्यूब आत हलत नाही. आमचं खोकं माळ्यावर आहे, वर लाल पेननं ‘काच, पारा’ लिहून.